गोळ्या चालू असेपर्यंत केस थांबतात, सोडल्या की पुन्हा गळतात: गडबड कुठे होते?

आमच्या लॅबमध्ये वर्षातून एकदा हमखास येणाऱ्या काही बायका आहेत. दंडाला पट्टा बांधला की त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागतात आणि सांगतात, "ताई, पुन्हा सुरू झालं बघा. कंगव्यात नुसतं गुंतवळ." एका काकूंनी तर आठवड्याचं गुंतवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं, पुरावा म्हणून. जुना रिपोर्ट पर्समध्ये असतोच, आणि त्यावरची गोष्ट बहुतेकींची एकच. हिमोग्लोबिन दहाच्या आसपास, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दोन महिन्यांत साडेबारा झालं, गोळ्या बंद, केस थांबले. आठ-दहा महिन्यांनी न्हाणीघराच्या जाळीवर पुन्हा केसांचा पुंजका.

मी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. औषध सांगणं माझं काम नाही आणि इथेही सांगणार नाही. पण चौदा वर्षं रक्त काढतेय, रिपोर्ट छापतेय आणि या चक्रातून स्वतः दोनदा गेलेय. ते नेमकं कुठे अडतं हे आता बऱ्यापैकी कळलंय.

गळती लोहाचीच आहे ना?

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं नेहमीचंच. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे उताराला लागतो, मग सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि मग सुटतो. अंगात काही बिघडलं की वाढीतले पुष्कळ केस एकदमच बसून घेतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणून आजच्या गुंतवळाचं कारण कालच्या शाम्पूत शोधण्यापेक्षा तीन महिन्यांमागचं कॅलेंडर काढा. डेंग्यू झाला होता? टायफॉइड? बाळंतपण? भाचीच्या लग्नाआधी महिनाभर सूपवर काढला होता? अशी एकदाची गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते, आणि त्या वेळी जी गोळी किंवा जे तेल चालू असेल त्याला फुकटचं श्रेय मिळतं.

लोह कमी झाल्यामुळे होणारी गळती डोकंभर सारखी असते. वेणी हाताला बारीक लागते, रबर एक वेढा जास्त घेतो. वेणीत फारसा फरक नाही पण भांगच रुंद होत चाललाय, असं असेल तर ते बहुतेक वेळा आनुवंशिक असतं. त्याचे उपचार वेगळे, नुसत्या लोहाने भांग भरत नाही. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. आणि चार दिवसांत डोकं रिकामं होत असेल तर लोहाचा विचारही करू नका. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं अशी घाबरली होती. तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्येही सेलेनियम असतं, आणि दोन-तीन ब्रँड एकत्र घेणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

लोहाची दुसरी खूण केसांत नसते. जिना चढताना धाप, रात्री पाय स्वस्थ न राहणं, तोंडाचे कोपरे फाटणं. आणि एक अशी, जी कोणी आपणहून सांगत नाही: पाटीवरची पेन्सिल खाणं, कच्चे तांदूळ चघळणं, पावसात मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटणं. मी सुई टोचताना सहज विचारते, "पेन्सिल खाता का हो?" समोरची आधी लाजते, मग हसते. अशा बाईचं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, चांगलं निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

डबा भरला, कणगी रिकामीच

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ज्वारीचा वर्षाचा साठा कणगीत आणि रोजच्या भाकरीचं पीठ डब्यात, हे ज्यांनी गावाकडे पाहिलंय त्यांना लगेच कळेल. कणगी तळाला गेली तरी डबा बरेच दिवस भरलेला दिसतो. हिमोग्लोबिन म्हणजे डबा, फेरिटिन म्हणजे कणगी. लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी कणगी खरवडतं आणि डबा शेवटपर्यंत जपतं. भरताना मात्र आधी डबा भरतं, कणगीची पाळी नंतर येते.

केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात वेगाने दुभंगणाऱ्या पेशींपैकी आहेत. दर विभाजनाला नवा डीएनए लागतो, आणि तो बनवणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला लोहाशिवाय काम करता येत नाही. शिवाय केस नसले म्हणून कोणी मरत नाही. त्यामुळे तंगी आली की शरीर या पेशींचा शिधा आधी तोडत असावं, असं मानलं जातं. १९६३ मध्येच हार्ड नावाच्या स्वीडिश त्वचारोगतज्ज्ञाने रक्तक्षय नसलेल्या पण लोह कमी असलेल्या स्त्रियांच्या केसगळतीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर काही अभ्यासांत हा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. मी ज्या डॉक्टरांसोबत काम करते त्यांचं म्हणणं मला पटतं: लोह कमी आहे हे सिद्ध झालं तर ते भरून काढायलाच हवं, केस परत आले तर तो वरचा लाभ.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय. निरोगी मोठ्या माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपला. पण १५ ही तळाची रेघ आहे. केसांचे बरेच डॉक्टर फेरिटिन निदान ४० असावं म्हणतात, काही ७० पर्यंत नेतात. आमच्या रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेत १४ सुद्धा बसतं. त्यामुळे तो आकडा ठळक अक्षरांत येत नाही आणि बाई "सगळं नॉर्मल आहे" म्हणत घरी जाते. माझं स्वतःचं पहिल्या वेळी १२.१ हिमोग्लोबिन होतं. फेरिटिन कोणी सांगितलंच नाही, आणि रोज दुसऱ्यांचं तपासणाऱ्या मलाही सुचलं नाही. दुसऱ्या खेपेला पाहिलं तर ११.

म्हणजे पहिली दुरुस्ती हीच. नुसत्या हिमोग्लोबिनवर गोळ्या सुरू करू नका आणि नुसत्या हिमोग्लोबिनवर बंदही करू नका. फेरिटिनला सीबीसीपेक्षा (रक्तपेशी मोजणारी तपासणी, हिमोग्लोबिन त्यातच येतं) जास्त पैसे पडतात, पण सहा महिने केसांच्या तेलावर जातात त्यापेक्षा कमीच.

फेरिटिनही फसवतं

ताप, संसर्ग, सांध्यांची सूज, यकृताचा त्रास यांत फेरिटिन वर चढतं. कणगी रिकामी असली तरी आकडा भरल्यासारखा दिसतो. डेंग्यूतून उठल्याबरोबर केलेल्या फेरिटिनवर तर अजिबात विसंबू नका. अशा वेळी डॉक्टर रक्तातलं लोह पाहतात, आणि ते वाहून नेणारी प्रथिनं किती भरलेली आहेत हे सांगणाऱ्या टीआयबीसी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्याही.

उलटी फसवणूक बायोटिन या जीवनसत्त्वामुळे होते. केसांच्या गोळ्यांत ते सर्रास १० मिलिग्रॅम असतं, आणि अनेक मशीनमधली तपासणी बायोटिनच्याच पकडीवर चालते. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटे कमी दिसू शकतात. म्हणजे केसांसाठी घेतलेली गोळी केसांचीच तपासणी बिघडवते. रक्त देण्याआधी किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. दोन दिवस तरी लागतातच. आणि आम्हाला सांगा. आम्ही विचारत नाही ही आमची चूक, पण तुम्ही सांगा.

सीबीसीचा कागदही नीट पाहण्यासारखा असतो. लोह कमी असेल तर लाल पेशी बारीक होतात, म्हणजे एमसीव्ही (पेशींचा सरासरी आकार) उतरतो. पण आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ सुद्धा कमी असतं, आणि त्याने पेशी मोठ्या होतात. दोन्ही कमी असले की सरासरी बरोबर मध्ये येते आणि कागद निष्पाप दिसतो. तेव्हा आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेला असतो, तो चुगली करतो.

आणखी एक प्रकार, जो वर्षानुवर्षं चुकतो: एमसीव्ही ६५, पण लाल पेशींची संख्या कमी नसून उलट जास्त. हा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनमधला दोष, असू शकतो. तिथे लोह बहुधा पुरेसं असतं, आणि "रक्त कमी आहे" म्हणून दहा-दहा वर्षं गोळ्या खाल्लेली माणसं मी पाहिली आहेत. तो ओळखायला एचपीएलसी नावाची तपासणी एकदाच करायची असते. लग्नाआधी केली तर आणखी बरं.

गोळी पोटात जाते, पुढे जात नाही

"रोज घेते हो" म्हणणाऱ्या बाईला मी विचारते, कशासोबत? बहुतेकदा उत्तर येतं, नाश्त्यानंतर, चहासोबत. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं आणि निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. कॉफीचंही तेच, थोडं सौम्य. दूध आणि कॅल्शियमची गोळी दोघंही आडवी येतात. चाळिशीनंतर डॉक्टर कॅल्शियम आणि लोह एकाच चिठ्ठीवर लिहितात आणि बाई दोन्ही एकाच घोटात गिळते. एक सकाळी आणि एक रात्री, एवढं साधं आहे, पण ते कोणी बोलत नाही. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळीच लागू पडत नाही, आणि मग केस तिकडूनही गळतात. अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की लोह नीट शोषलं जात नाही.

उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्यानंतर निदान तासाभराने: बहुतेकींना हे जमतं. मळमळ होत असेल तर थोडं खाऊन. शौच काळं होणं अपेक्षितच आहे, घाबरून गोळी सोडू नका. बद्धकोष्ठ झालं तर डॉक्टरांना एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. लोहाचा मोठा डोस गेला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्याचं दार दुसऱ्या दिवसापर्यंत अर्धवट लोटलेलं राहतं. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांत दाखवलं की दिवसाआड घेतलेल्या गोळीतून रोजच्या गोळीपेक्षा जास्त लोह शोषलं जातं. "डबल डोस घेतला तर लवकर भरेल का?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. त्याने फक्त पोट बिघडतं.

स्ट्रिपवरचा मोठा आकडा नीट वाचा. वाळवलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत खरं लोह ६०-६५ मिलिग्रॅमच असतं. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लाल गोळीतही ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. फुकट म्हणून ती हलकी, हा गैरसमज आहे. मी तीच घेतली.

किती दिवस, हा खरा प्रश्न

फेरिटिनचा एक आकडा म्हणजे साठ्यातलं साधारण ८ ते १० मिलिग्रॅम लोह. ११ वरून ४५ ला जायचं तर कणगीतच ३०० मिलिग्रॅमच्या आसपास टाकावं लागतं, आणि हे डबा भरून झाल्यावर. म्हणून हिमोग्लोबिन जागेवर आल्यानंतरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची पद्धत आहे. नेमकी त्याच दिवशी आपण ती सोडतो. रिपोर्टवर १२.५ दिसतं, दम लागत नाही, केस थोडे थांबलेले असतात. सोडायला कारणं भरपूर. डब्यात पीठ आहे म्हणून कणगीकडे बघितलंच नाही, असा हा प्रकार. पुढच्या दोन-तीन पाळ्यांत जे थोडं जमलं होतं तेही संपतं.

गोळ्या नीट, वेळेवर, चहाशिवाय घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन एकाने तरी वाढलं नाही, तर गोळी बदलत बसू नका. कारण शोधायला हवं.

कणगीला भोक कुठे आहे?

एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह. पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त गेलं तर ती जास्तीची पाळी मानतात. म्हणजे दर महिन्याला ४० मिलिग्रॅमच्या वर. शरीर एरवीही रोज मिलिग्रॅमभर लोह गमावतं, आणि आपल्या साध्या जेवणातून रोज एक-दीड मिलिग्रॅमच पदरात पडतं. हिशेब बसत नाही. गोळ्यांनी तो तात्पुरता बसतो, इतकंच.

पण मिलिलिटर कोण मोजणार? दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, रात्री उठावं लागतं, मोठ्या गाठी पडतात, सात दिवसांवर अंगावरून जातं, यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) निघतं कधी, कधी थायरॉइड निघतं. "आमच्या घरात सगळ्यांनाच असं जातं" हे मी इतक्यांदा ऐकलंय! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सगळ्यांनाच आहे म्हणून ते नॉर्मल ठरत नाही.

बाकीची भोकं: मूळव्याधीतून थेंब-थेंब जाणारं रक्त, गुडघ्यांसाठी रोज खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला पडलेले ओरखडे, अनवाणी शेतात फिरणाऱ्यांना होणारे अंकुशकृमी. गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडत असेल तर भोक नसतं, पण कणगीत काही पडतच नाही. नियमित रक्तदान करणाऱ्यांनीही फेरिटिन बघावं. एका ३५० मिलिलिटरच्या पिशवीबरोबर दीडशेच्या वर मिलिग्रॅम लोह जातं, आणि दात्याची तपासणी फक्त डब्याची होते.

पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं फेरिटिन कमी आलं, तर मात्र केसांची गोष्ट बाजूला ठेवा. रक्त आतड्यातून जात नाही ना, हे आधी पाहायचं असतं. डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतील, ती टाळू नका.

ताटातलं

रिकामी कणगी ताटातून भरत नाही, पण भरलेली टिकवता येते. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवत नाही. गूळ मुख्यतः साखरच. पालकातलं लोह आतड्याला फारसं मिळत नाही. बाजरी खरंच चांगली. महाराष्ट्रात मुद्दाम जास्त लोहाचा 'धनशक्ती' नावाचा वाणही आहे. मटकीला मोड आणा, वर लिंबू पिळा. अळिवाचे लाडू उत्तमच, पण त्यांच्यासोबत चहा दिला की बाळंतिणीच्या खोलीतली अर्धी मेहनत वाया. मांसाहार करत असाल तर मटण आणि कलेजीतलं लोह सगळ्यात सहज अंगी लागतं. आणि माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढा. चिंच-गुळाची आमटी तिच्यात काळपट होते म्हणून आपण ती टाकली. तो काळपटपणा म्हणजे लोहच.

गोळ्यांची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. लहान मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या खाणं जिवावर बेततं.

केस कधी दिसतील?

गळणं कमी व्हायला तीन महिने धरा, डोक्यावर फरक दिसायला सहा ते नऊ. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो, त्याला घाई नसते. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला येऊ नका. (मालक ऐकत नाहीत म्हणून सांगते.) हिमोग्लोबिन महिन्याने, फेरिटिन तीन महिन्यांनी, आणि गोळ्या बंद केल्यावर तीन-चार महिन्यांनी फेरिटिन पुन्हा एकदा. ही शेवटची तपासणी कोणीच करत नाही. ती केली असती तर पिशवीवाल्या काकूंना यंदा गुंतवळ गोळा करावं लागलं नसतं. आकडा उतरताना दिसला असता, केस त्यानंतर गळले असते.

माझं ११ चं ४७ व्हायला सात महिने लागले. मधे फायब्रॉइडचं निदान झालं, त्यावर उपचार चालू आहेत. कपाळाच्या कडेने आता बोटभर उंचीचे केस ताठ उभे असतात, कितीही विंचरले तरी बसत नाहीत. सासूबाई रोज म्हणतात, तेल लावून चोपून बसव गं ते, बरं नाही दिसत. मी नाही बसवत.